मुंबईत नवीन राहायला आलात? एक रविवार, एक स्टेशन धरा

आम्ही लातूर सोडून मुलुंडला राहायला आलो तेव्हा जून उजाडलेला, अर्धं सामान अजून खोक्यांत होतं, आणि पहिल्याच रविवारी नवऱ्याने जाहीर केलं की आज मुंबई बघायची. गेटवे, मग हाजी अली, मग जुहू, येताना सिद्धिविनायक, सगळं एका दिवसात. सोबत सासूबाई आणि पाच वर्षांची लेक. निघालो साडेदहाला, स्टेशनवर गेलो तर मेगाब्लॉक, आणि मेगाब्लॉक म्हणजे काय हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे गेटवेला पोचेपर्यंत दीड वाजला, पोटात कावळे ओरडत होते म्हणून समोर जे हॉटेल दिसलं तिथे शिरलो, बेचव आणि महाग जेवलो, हाजी अलीला गेलो तर भरतीचं पाणी रस्त्यावर आलेलं, आत जाताच येईना. जुहू राहिलंच. रात्री घरी आल्यावर सासूबाई पाय चोळत म्हणाल्या, "अगं बाई, तुमची मुंबई म्हणजे नुसतं उभं राहणं."

त्यानंतर सात वर्षं झाली आणि आता दोन-तीन रविवार घरात बसलो तर मलाच करमत नाही. तेव्हा नवीन आलेल्या कुणीही विचारलं की रविवारी कुठे जायचं, तर मी एकच सांगते, एका रविवारी एकच स्टेशन. तिथे उतरायचं, आधी तिथलं खायचं, मग चालत जेवढं बघून होईल तेवढं बघायचं आणि दुपारी दीड-दोनपर्यंत घरी येऊन झोपायचं. मुंबई एका दिवसात संपवायची गरजच नाही, तुम्ही आता इथेच राहताय ना.

आधी रेल्वेचं बघू, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. रविवारी मध्य आणि हार्बर लाइनवर मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही रूळ बंद आणि गाड्या कमी किंवा दुसऱ्या लाइनवरून, साधारण सकाळी साडेदहा-अकरा ते दुपारी तीन-चार, वेस्टर्नवाले त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात. कुठल्या स्टेशनांच्या मध्ये आहे, फास्ट लाइनवर की स्लो लाइनवर, हे आदल्या दिवशी पेपरात आणि मोबाइलवर येतं, शनिवारी रात्री चहा पिताना तेवढं बघून ठेवा. माझा नियम साधा आहे, साडेसहा-सातची गाडी पकडायची, म्हणजे जाताना ब्लॉक लागत नाही, गाडीत बसायला जागा मिळते आणि खिडकीही मिळते. रविवारी गाड्या कमी असतात हेही लक्षात असू द्या. आणि पाहुणे आले असतील आणि दिवसभर इकडून तिकडे फिरणं होणारच असेल तर तिकीट खिडकीवर टुरिस्ट तिकीट मागा, एक, तीन किंवा पाच दिवसांचं मिळतं आणि तिन्ही लाइनींवर चालतं, प्रत्येक वेळी रांगेत उभं राहायला नको.

पहिला रविवार माटुंग्याला द्या. हे मी सगळ्यांना सांगते आणि आजवर कुणी नाराज होऊन आलं नाही. माटुंगा म्हणजे मध्य रेल्वेचं माटुंगा, वेस्टर्नला आहे ते माटुंगा रोड, नवीन माणूस इथे हमखास चुकतो. स्लो गाडीने जायचं आणि ईस्टला उतरायचं. आठच्या आत पोचलात तर राम आश्रयला फार थांबावं लागत नाही, साडेआठनंतर बाहेर माणसंच माणसं. नाव सांगून उभं राहायचं, आणि आत बसल्यावर वेटर पाठ केल्यासारखं सगळं भराभर म्हणून दाखवतो, घाबरायचं नाही, सावकाश विचारायचं. पहिल्यांदा इडली, मेदूवडा, आणि शेवटी अननसाचा शिरा, तो सोडू नका. पुढे किंग्ज सर्कलकडे चालत गेलात तर कॅफे मद्रास, तिथला रसम वडा, वडा रसमात बुडून बुडून असा मऊ होतो की चमच्याने तुटतो, वर थोडा तिखट झणका. सोमवारी ते बंद असतं. आणि कॉफी आली की लगेच तोंडाला लावू नका, शेजारच्या टेबलावरचे आजोबा कसे करतात ते बघा, पेल्यातली वाटीत, वाटीतली पेल्यात, हात उंच नेऊन दोन-तीनदा ओततात, फेस वर येतो आणि कॉफी पिण्याइतकी निवते. माझ्या लेकीला तिथे इडलीपेक्षा हेच जास्त आवडतं.

हे सगळं माटुंग्यातच का, तर त्याची गोष्ट आहे. 1896 ला मुंबईत प्लेग आला, जुनी वस्ती फार दाटीची होती, म्हणून 1898 ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि त्यांनी पुढे दादर-माटुंग्याचा भाग आखून वसवला, रुंद रस्ते, मधे बागा. तिथे नोकरीसाठी आलेली दक्षिणेकडची कुटुंबं राहायला लागली, मागोमाग त्यांची देवळं आली, फुलवाले आले, खाणावळी आल्या. राम आश्रय 1939 चं, कॅफे मद्रास 1940 चं, आणि स्टेशनला लागून असलेली रामा नायक यांची उडुपी खाणावळ 1942 ची, तिथे केळीच्या पानावर जेवण मिळतं. नाश्ता करून लगेच जेवण होत नाही, म्हणून ती दुसऱ्या खेपेला ठेवा. खाऊन झालं की फुलवाल्यांच्या रांगेतून एक मोगऱ्याचा गजरा घ्या, फाइव्ह गार्डन्सपर्यंत चालत जा, पारशी कॉलनीतली झाडं आणि जुन्या इमारतींच्या गॅलऱ्या बघत, सकाळी नऊ-साडेनऊला तिथे इतकं शांत असतं की मला पहिल्यांदा खरंच वाटलं नाही आपण मुंबईत आहोत. येताना ताजी दळलेली फिल्टर कॉफीची पूड पाव किलो.

दुसरा रविवार दादर. दादरला पहाटे फुलबाजार बघायचा असेल तर सहाच्या आत पोचा, स्टेशनच्या वेस्टला पुलाखाली, झेंडू, शेवंती, गुलाब, आणि पाठीवर पाट्या घेतलेली माणसं "साइड साइड" करत जातात तेव्हा मधे उभं राहून फोटो काढू नका, त्यांची पोटापाण्याची वेळ असते ती. मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक चक्कर. मग प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष, किंवा आस्वादमध्ये मिसळ, थालीपीठ. मराठवाड्यातून, सोलापुरातून आलेल्यांना एक सांगते, इथली मिसळ आपल्याकडच्यासारखी जाळ नसते, थोडी गोडसर असते, ती वेगळी म्हणून खा, कोल्हापूरशी तुलना करत बसलात तर मजा जाईल.

आणि वडापाव. वडापाव 1966 च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर सुरू झाला असं सांगतात, गिरणीतून सुटलेल्या माणसाला हातात धरून चालता चालता खाता येईल असं काहीतरी. आजही वडापाव कुठला चांगला हे ओळखायला नाव लागत नाही, कढई बघायची. वडे ताटात डोंगर करून ठेवलेले असतील तर पुढे चला. गाडीसमोर दहा माणसं गप्प उभी असतील आणि सगळ्यांचे डोळे झाऱ्याकडे असतील, तर तिथे थांबा. कीर्ती कॉलेजजवळ मिळतो तो आम्हाला आवडतो, तिथे पावात चुरा घालतात, म्हणजे तेलात पडलेले बेसनाचे कुरकुरीत थेंब, वरून लसणाची सुकी चटणी, बाजूला मीठ लावलेली तळलेली मिरची. गरम गरम तिथेच उभ्याने खायचा. पार्सल नेलात की वाफेने पाव ओला होतो, चुरा मऊ पडतो, मग काही अर्थ नाही.

आता मासे. आम्ही मटण खाणारी माणसं, लातूरला मासा म्हणजे तलावातला, काट्यांचा, त्यामुळे माझा मासा खायचा अनुभव शून्य. शिकवलं ते शेजारच्या मालवणी काकूंनी. त्यांनी क्रम लावून दिला तोच तुम्हाला देते. पहिल्यांदा सुरमईची तुकडी, तव्यावर रवा लावून तळलेली, मधे एकच मोठा काटा, बाजूला काढला की निर्धास्त खा. मग पापलेट. मग कोळंबी, तिला काटाच नाही. मग तिसऱ्या, शिंपल्यातून ओठांनी ओढून घ्यायच्या, लाजायचं नाही. आणि मग बोंबील. ओला बोंबील इतका पाणीदार असतो की त्याला चिरून, वर वजन ठेवून पाणी काढतात आणि मग तळतात, बाहेरून कुरकुरीत आणि आत अक्षरशः लोण्यासारखा. त्याचा मधला काटा मऊ असतो, शेपटीकडून धरून हळूच ओढला की अख्खा निघतो, काकूंनी माझ्या ताटात हात घालून करून दाखवलं होतं. मांदेली कुरकुरीत तळली असेल तर काट्यासकट खातात. बांगडा मात्र सहा महिन्यांनी, चव भारी पण काटे सांभाळावे लागतात. सोबत तांदळाची भाकरी किंवा वडे, आणि सोलकढी शेवटी, भातावर थोडी आणि उरलेली पिऊन टाकायची, आमसुलं आणि नारळाचं दूध असल्याने पोट शांत होतं.

दादरला सिंधुदुर्ग, गोमांतक, चैतन्य अशी मालवणी-गोवन पद्धतीची जेवणं मिळणारी हॉटेलं जवळजवळ आहेत, रविवारी दुपारी एकनंतर रांग असतेच, बारालाच जाऊन बसा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. थाळी मागताना कालवण कुठल्या माशाचं आहे ते विचारा. आणि जून-जुलैमध्ये ट्रॉलरना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून, त्या दिवसांत ताजा मासा कमी आणि महाग, तेव्हा हट्ट करू नका, कोंबडी-वडे खा. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतात, त्यानंतर बाजार पुन्हा भरायला लागतो.

भरती-ओहोटीचं गणितही ह्याच काकूंनी शिकवलं, आणि मुंबईत राहायचं तर हे यायलाच पाहिजे असं मला आता वाटतं, कारण इथली निम्मी ठिकाणं पाण्याच्या वेळेवर चालतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास मागेपुढे, म्हणजे नऊला, ओहोटी. पंधरवडा शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच. मिनिटाला मिनिट जुळत नाही, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण घरातून कधी निघायचं ते ठरवायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती, पाणी खूप चढतं आणि ओहोटीला खूप लांब जातं, अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा चढतंही कमी आणि हटतंही कमी. होडीत किंवा पाण्यात उतरायचं असेल तर मात्र छापील तक्ता बघा आणि तिथल्या माणसांना विचारा, गणितावर जाऊ नका.

हे कुठे उपयोगी पडतं? शिवडीला. नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, हजारोंनी, हार्बर लाइनला शिवडी स्टेशनला उतरून जेट्टीकडे जायचं. पूर्ण भरतीला गेलात तर चिखल पाण्याखाली, पक्षी नाहीत. पूर्ण ओहोटीला गेलात तर पक्षी पार लांब, गुलाबी रेघ दिसते फक्त. मधल्या वेळेला, पाणी चढत किंवा उतरत असताना, ते जवळ येतात. आम्ही एका तृतीयेला गेलो होतो, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला पाणी पुढे सरकत होतं तसतसे ते चिखलात मान उलटी घालून चोचीने पाणी गाळत गाळत आमच्याकडे येत होते, इतके जवळ की त्यांचा बदकांसारखा आवाज ऐकू येत होता, आणि मग एकदम काहीतरी झालं आणि सगळा थवा उडाला, उडाल्यावर पंखांच्या आतला लालभडक रंग दिसतो, उभे असताना तो कळतच नाही. लेक कितीतरी वेळ बोललीच नाही. मुलुंड-ठाणे-ऐरोलीकडे राहणाऱ्यांना तर ऐरोलीहून वनखात्याच्या बोटीतून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात जाता येतं, बोटीची वेळ भरतीवरच ठरते, आधी बुकिंग करून ठेवा. टोपी, पाणी आणि जमलं तर दुर्बीण. शिवडीला खायला फार काही नाही, डबा न्या.

अलिबागचा कुलाबा किल्लाही तसाच, ओहोटीला चालत जायचा, भरतीला अडकायचा. गेटवेहून मांडव्याला बोट आणि तिथून अलिबागला बस, पावसाळ्यात ह्या बोटी बंद असतात. उधाणाच्या आसपासचे दिवस निवडा म्हणजे पाणी नीट हटतं, आणि किल्ल्यात गेल्यावर परतीची वेळ घोडागाडीवाल्यांना विचारून ठेवा. येताना अलिबागचा पांढरा कांदा, माळ करून विकतात, कोशिंबिरीला त्याच्यासारखा दुसरा नाही.

फोर्टला मात्र शनिवारी जा, रविवारी नको. म्हणजे नुसतं चालायचं असेल तर रविवार छान, ऑफिसं बंद, रस्ते रिकामे, पण ऑफिसं बंद म्हणून तिथली खायची जागाही बरीच बंद असते. सीएसएमटीला रोज उतरणारी माणसंही वर बघत नाहीत, तुम्ही बघा. 1888 ची इमारत, फाटकावर एका बाजूला सिंह आणि एका बाजूला वाघ, भिंतींवर माकडं, मोर, पानंफुलं, आणि लोकलच्या तिकीट हॉलमध्ये वर मान केली तर छतावर तारे. तिथून हुतात्मा चौक, काळा घोडा, गेटवे, रमतगमत तास-दीड तास. नाश्त्याला इराणी हॉटेल पाहिजे असेल तर धोबीतलावला कयानी, 1904 चं, ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, चहात बुडवून खायचा, नुसता चावायला गेलात तर टाळू सोलेल. बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियाचा बेरी पुलाव दुपारच्या जेवणाला. ह्यातलं एकच करा, दोन्ही नको.

घारापुरीच्या लेण्यांना जायचं तर सोमवार सोडून, सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एकीने, साधारण तासाचा प्रवास, वर चढायला 120 पायऱ्या. त्रिमूर्ती जवळजवळ वीस फूट उंच आहे, उजेडातून आत गेल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटं द्या, घाईत फोटो काढून बाहेर पडणाऱ्यांना ती नीट दिसतच नाही. कान्हेरी लेणीही सोमवारी बंद. बोरिवली ईस्टला नॅशनल पार्कच्या गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, पार्कची बस मिळते. शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी बघायला जाऊ नका, तीन नंबरचं चैत्यगृह, तिथल्या बुद्धाच्या उंच मूर्ती, आणि मग वर चढत चढत दगडात खोदलेले पाण्याचे पन्हळ आणि टाकी बघा, पावसाचा थेंब न थेंब साठवायची सोय केलेली, आमच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं 2016 ला, त्यामुळे मी त्या टाक्यांपाशी दरवेळी थांबते. खाणं पिशवीत बंद करून ठेवा, माकडं हातातून ओढतात. आदिवासी बायका काकडी, आवळे, बोरं घेऊन बसलेल्या असतात, मीठ-तिखट लावून घ्या.

वसईवर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. वसई रोडला उतरून रिक्षा किंवा बसने किल्ला. चिमाजी अप्पांनी 1739 ला पोर्तुगीजांकडून जिंकला तोच, आत पडकी चर्चं, वडाच्या पारंब्या भिंतींत घुसलेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात जी मोठी घंटा आहे ना, ती इथलीच, विजयाची खूण म्हणून नेलेली. किल्ल्याला लागून कोळीवाडा, ऑक्टोबरनंतर बांबूवर बोंबील वाळत घातलेले दिसतात, वास येतो, नाकाला रुमाल लावू नका, लोकांची घरं आहेत ती. बाजारात सुकेळी मिळाली तर घ्या, केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी लागतात.

लहान मुलं, म्हातारी माणसं सोबत असतील तर निघायच्या आधी बाथरूमची जागा कुठे आहे ते ठरवून निघा, म्युझियम किंवा जिथे खाणार ते हॉटेल, बायकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे आणि कुणी सांगत नाही. पावसाळ्यात धबधब्यांच्या मागे लागू नका, दरवर्षी माणसं वाहून जातात. त्यापेक्षा छत्री घेऊन मरीन ड्राइव्हला जा, कठड्यापासून लांब उभे राहा, मक्याचं कणीस खा.

गावी जायच्या आधीचा रविवार आम्ही लालबागला ठेवतो. मिरची गल्लीत मिरच्या, धणे, खडा मसाला निवडून तिथेच कुटून घ्यायचा, मार्च ते मे गर्दी असते, समोर उभं राहून कुटून घ्या, शिंका येतील, येऊ द्यात. बाजूलाच चिवडा. मग रात्री सीएसएमटीहून लातूर एक्स्प्रेस, बर्थखाली मसाल्याची पिशवी, चिवडा, आणि माटुंग्याची कॉफी पूड, तिला पिशवीवर पिशवी अशा तीन गाठी मारल्या तरी सगळ्या डब्यात वास सुटतो. सासूबाईंचा फोन आधीच आलेला असतो, अर्धा किलो आण म्हणून.